सोलापुरात सायकल लावायची कुठल्या स्टँडला, घरात टांगायची कशी आणि गावाला न्यायची कशावर?

कंबरतलाव

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीने सायकलींसाठी नीट स्टँड बसवायचं ठरवलंय आणि माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय. सायकली आमच्याकडे सगळ्या तऱ्हेच्या आहेत. शाळेच्या पोरांच्या छोट्या, सकाळी विजापूर रोडने फेरी मारणाऱ्यांच्या गिअरच्या, कामाला येणाऱ्या मावशींच्या लेडीज, आणि वॉचमनकाकांची काळी, मागे भलंमोठं कॅरियर असलेली. आज या सगळ्या जिन्याखाली एकमेकींवर रेलून असतात. आतली काढायला गेलं की बाहेरच्या कोसळतात, एकीचं पॅडल दुसरीच्या आऱ्यांत घुसतं, गिअरवाल्यांचे डिरेलर (मागच्या चाकाजवळचा, साखळी सरकवून गिअर बदलणारा भाग) वाकतात. पाणी रोज येत नसल्यामुळे पार्किंगमध्ये टाक्या आणि ड्रम आहेतच, म्हणजे जागा आणखी आवळलेली.

एका दुकानदाराने पुढचं चाक खाचेत घालायचा लोखंडी रॅक दाखवला. जमिनीवर नुसता ठेवायचा, दहा फुटांत दहा सायकली बसतात म्हणाला. कमिटीतल्या बहुतेकांना तोच आवडलाय. मला शंका आहे, कारण माझ्या मुलीच्या कॉलेजात तसलाच रॅक आहे आणि तिच्या सायकलच्या पुढच्या चाकाला सारखा आउट येतो, म्हणजे रिम वाकून चाक डगमगत फिरतं. इथल्या जाणकारांनी सांगावं.

शिवाय काही जण सायकल खाली ठेवायलाच तयार नाहीत, घरात घेतात. त्यांच्यासाठी भिंतीचे हूक वगैरे काय चालतं? आणि सुट्टीत सायकल पुण्याला किंवा गावाला न्यायची असेल तर रेल्वे, एसटी, कारचा रॅक यातलं काय बरं पडतं? धागा एकच काढलाय, म्हणजे सगळं एका जागी राहील.

अशोकचौक

खाचेचा रॅक घेऊ नका. मी फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे, तसले रॅक बनवायला मला सगळ्यात सोपे आणि नफ्याचे आहेत, तरी सांगतो.

त्या रॅकमध्ये सायकल फक्त चाकाच्या खालच्या वीतभर भागाला धरलेली असते. वर हँडलला किंवा कॅरियरला कुणाचा धक्का लागला की सायकलचं सगळं वजन त्या वीतभर रिमवर आडवं येतं. रिम उभा भार पेलायला केलेली असते, आडवा नाही. त्यामुळे आउट येतो, आणि आपण आरे आवळून आवळून शेवटी रिमच बदलतो. डिस्क ब्रेकवाल्यांचं आणखी अवघड. रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, खाचेच्या सळईवर टेकतो आणि जरासा जरी वाकला तरी ब्रेक घासायला लागतो. कुलपाचं म्हणाल तर त्या रॅकला फक्त पुढचं चाक बांधता येतं. क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय सुटणारं चाक असेल तर चोर चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल घेऊन जातो.

यावर जगभर चालणारा उपाय फार साधा आहे. उलट्या यू आकारात वाकवलेला एक जाड पाइप, जमिनीत पक्का. त्याला शेफील्ड स्टँड म्हणतात, कारण १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात तो पुढे आला. गॅसचे पडून असलेले पाइप वाकवून पहिले स्टँड केले असं सांगतात. सायकल त्याला बाजूने टेकवायची. फ्रेमला दोन जागी आधार मिळतो, आणि फ्रेम व चाक दोन्ही एका कुलपात पाइपाला बांधता येतात. एका स्टँडला दोन सायकली, दोन बाजूंना एकेक. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही.

मापं लिहून घ्या. जमिनीपासून उंची ७५ सेंमी. लांबी ७० ते १०० सेंमी चालते, तुम्ही ७५ धरा. दोन स्टँडमधलं अंतर १ मीटर, त्याहून कमी करू नका, नाहीतर हँडल हँडलात अडकतात. भिंत समोर असेल तर भिंत आणि स्टँडचा जवळचा पाय यांत ५० ते ६० सेंमी सोडा, पुढचं चाक तिथे मावलं पाहिजे. सायकल साधारण १८० सेंमी लांब असते, मागे माणसाला सायकल वळवायला जागा हवी, हेही धरा.

पाइप ४० एनबी (आतल्या पोकळीवरून ठरलेलं माप) जीआय, म्हणजे झिंक चढवलेला लोखंडी, बी क्लास. बी क्लासच्या पाइपावर निळा पट्टा असतो. पिवळा म्हणजे ए क्लास, हलका, तो घेऊ नका. लाल सी क्लास, तो इतक्या कामाला लागत नाही. ४० एनबीचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटरच्या आसपास येतो, मुठीत धरवत नाही इतका जाड, आणि तेच बरं आहे. पाइपाची लांबी ६ मीटर येते. दोन्ही पाय ३० सेंमी जमिनीत गाडायचे धरले तर एका पाइपात दोन स्टँड निघतात, म्हणजे चार सायकली. हायड्रॉलिक बेंडिंग मशीनवर वाकवून घ्या. कोपऱ्याला एल्बो वेल्ड केले तर वेल्डिंगच्या जागचं झिंक जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

हिशेबनीस

अशोकचौक, पटतंय, पण कमिटीला जागेचा हिशेब द्यावा लागेल. दहा फुटांत दहा सायकली विरुद्ध तुमच्या मीटरला दोन. लोक म्हणणार, चाकाला आउट आला तर ज्याचा तो बघेल, जागा कुठून आणू?

अशोकचौक

दहा फूट म्हणजे तीन मीटर. खाचा फूट-फूटभर अंतरावर असतात म्हणून कागदावर दहा. पण हँडल ६० सेंमी रुंद असतं, एमटीबीचं, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकलचं, त्याहून जास्त. शेजारशेजारच्या खाचांत दोन सायकली बसतच नाहीत, एक खाच रिकामी सोडावीच लागते. कुठल्याही शाळेबाहेरचा रॅक जाऊन बघा. प्रत्यक्षात पाच. तेवढ्याच तीन मीटरमध्ये यू स्टँड बसतात तीन, सायकली सहा. हिशेब कमिटीपुढे असाच मांडा.

उत्रेख्तहून_सोलापूरकर

मूळची आमची चाटी गल्ली, सध्या नेदरलँड्समध्ये असते. हँडल अडकण्यावर इथे एक युक्ती सगळीकडे दिसते: एक सायकल खाली, शेजारची थोडी वर, अशी उंची आलटूनपालटून ठेवतात. मग दोन सायकलींत ३७.५ सेंमी अंतर पुरतं, कारण हँडल वेगवेगळ्या पातळीवर येतात. रॅकच्या दर्जासाठी इथे फीट्सपारकेर नावाचं प्रमाणपत्र आहे, त्यात हे माप धरलेलं आहे. पण त्या रॅकमध्येसुद्धा फ्रेमला कुलूप लावायची सोय असते, नुसती खाच नसते.

उत्रेख्त स्टेशनखालचं सायकल पार्किंग २०१९ मध्ये पूर्ण झालं, १२,५०० सायकलींचं, तीन मजली. सायकल चालवतच आत जायचं, कुठल्या रांगेत किती जागा रिकाम्या आहेत ते फलकावर दिसतं, पहिले २४ तास फुकट. तिथले रॅक दुमजली आहेत. वरचा पन्हाळीसारखा ट्रे बाहेर ओढून खाली झुकवायचा, सायकल चढवायची आणि वर ढकलायचा. ढकलताना स्प्रिंगची मदत मिळते. हे आपल्या सोसायटीत करा असं मी सांगणार नाही. छत उंच लागतं, आणि आपली काळी सायकल वीस-बावीस किलोची असते. ती वरच्या ट्रेवर चढवायला मावशींना सांगायचं का? वरचा मजला मग हलक्या सायकलवाल्या तरुणांच्या कामाचा, आणि खालचा भांडणाचा.

जपानमध्ये तर तोक्योत जमिनीखाली विहिरीसारखी यंत्रं आहेत, एकेका यंत्रात २०४ सायकली मावतात. दारात सायकल लावली की यंत्र ती आत ओढून खाली नेऊन ठेवतं. पाहायला भारी आहे. पण इतकी वर्षं इथे राहून माझं मत ठाम झालंय की रोजच्या वापराला अशोकचौक म्हणतात तो साधा वाकवलेला पाइपच सगळ्यात टिकतो.

पूर्वभाग

माझे वडील यंत्रमागावर, आयुष्यभर सायकलने गेले. माझे दोन पैसे.

काय होतं माहितीये का, असल्या चर्चेत आपण गिअरची सायकल डोळ्यांपुढे ठेवतो. पण सोलापुरात सायकल रोज, ऊन-पाऊस न बघता कोण चालवतं? कारखान्यावर जाणारा माणूस, धुणीभांडी करणारी बाई, दूधवाला. त्यांच्या सायकलला डबल स्टँड असतो, ती स्वतःच्या पायावर उभी राहते. तिला आधार नको, तिला तीन गोष्टी हव्यात. फ्रेमला साखळी घालायला काहीतरी पक्कं, डोक्यावर सावली, आणि "इथं लावू नका" म्हणून कुणी हाकलू नये.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची आहे. मोठ्या दुकानांपुढे, दवाखान्यांपुढे मोटारसायकलला पट्टे मारलेले असतात, कारला जागा असते, सायकलवाल्याला वॉचमन कुठंतरी कोपऱ्यात, गटारीच्या काठाला लावायला सांगतो. त्यामुळे कंबरतलाव काका, तुमच्या स्टँडवर कामाला येणाऱ्यांची सायकल लागणार की फक्त सभासदांची, हे पाइप कापायच्या आधी ठरवा. आणि ठरवून फलकावर लिहा.

आणखी एक. काळ्या सायकलचं कॅरियर रुंद असतं, कुणी बाजूला कॅनचे हूक लावलेले असतात. भिंतीकडच्या शेवटच्या स्टँडला मीटरभर नव्हे, थोडं जास्तच अंतर सोडा. ती जागा त्यांची.

मधुरा_सोरेगाव

पूर्वभाग, अगदी खरं लिहिलंत.

शाळेच्या पोरांसाठी एक भर घालते. २० इंची सायकलची फ्रेम ७५ सेंमीच्या दांडीला टेकतच नाही, सायकल खालून सरकून आडवी होते. यू च्या दोन पायांमध्ये जमिनीपासून ३० ते ३५ सेंमीवर एक आडवी दांडी वेल्ड करून घ्या, छोट्या सायकली तिला टेकतात. दुसरा फायदा असा की पाइप खालून कापून साखळी सोडवायचा प्रयत्न केला तरी ती मधल्या दांडीला अडकते.

आता सावलीचं. सोलापूरचा एप्रिल-मे सगळ्यांना माहीत आहे, पारा ४३-४४ च्या घरात. उन्हात उभ्या सायकलचं टायर हाताला चटका देतं. पक्क्या फुगवलेल्या बारीक टायरमध्ये सकाळी गार हवेत, २५ अंशांना, १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरली आणि दुपारी टायर ६० अंशांपर्यंत तापलं तर दाब ११३ च्या आसपास जातो. नवं टायर हे सोसतं. ज्या ट्यूबला ठिगळं आहेत तिचं सोल्युशन मात्र उन्हाने मऊ होतं आणि ठिगळ सुटतं. रबरी ग्रिप चिकट होतात, सीटचं कव्हर तडकतं. ट्यूबलेस टायरवाल्यांचं आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, लवकर सुकतं, ते उन्हाळ्यात जास्त वेळा बघावं लागतं. म्हणून स्टँड कंपाउंडच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून लावता आला तर दुपारची सावली आपोआप मिळते. पत्र्याची शेड करायची असेल तर पत्रा उंच ठेवा, बुटका पत्रा नुसता भाजून काढतो.

दगडीवाडा

घरात टांगण्याबद्दल मी लिहितो, कारण आमचं घर माळवदाचं आणि हा प्रश्न आम्ही नीट सोडवलाय.

माळवदाच्या घराची भिंत दोन फूट जाड असते, पण आत दगड आणि माती. दुकानातला हूक आणून फास्टनर (भोकात आवळला की फुगून पकड घेणारा बोल्ट) ठोकला तर ड्रिल मातीत फिरत राहतं, फास्टनर पकडच घेत नाही. दगडात नेमका बसला तरी तो दगड मातीत बसलेला असतो, रोजच्या हिसक्याने हलायला लागतो. अशा घरात भिंतीचा नाद सोडायचा आणि वर बघायचं. तुळया आहेत ना. सागवानी तुळईत चांगला जाड आट्याचा हूक फिरवला तर सायकल काय, धान्याचं पोतं टांगा. आधी बारीक बर्म्याने भोक पाडा, हूकच्या आट्यांना मेण किंवा साबण लावा, नाहीतर लाकूड तडकतं. आणि तुळईला वाळवी नाही ना ते आधी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथं काही टांगायचं नाही.

आमच्याकडे सोप्यात पाळण्याच्या कड्या आहेत, त्यांतच दोरी आणि कप्पी लावून सायकल वर ओढतो. एक कप्पी हँडलच्या वर, एक सीटच्या वर, दोन्ही दोऱ्या एकत्र करून भिंतीच्या खुंटीला आठ आकड्यात गुंडाळतो. नुसती गाठ मारू नका, सुती दोरी सैल पडते. खालून लहान मुलं पळतात, म्हणून वर नेल्यावर सायकल एका वेगळ्या साखळीच्या तुकड्याने कडीलाच अडकवतो. दोरी सुटली तरी सायकल खाली येत नाही. ही साखळी प्रत्येकाने लावावी, कप्पी कितीही महागाची असो.

मधुरा_सोरेगाव

दगडीवाडा, साखळीचं फार महत्त्वाचं सांगितलंत.

फ्लॅटवाल्यांसाठी: आरसीसीचा कॉलम किंवा बीम असेल तर १० मिमीचा फास्टनर बिनधास्त. लाल विटेच्या भिंतीत विटेत भोक पाडा, सांध्यात नको. नव्या इमारतींमध्ये पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांत साधा फास्टनर भुगा करून बाहेर येतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग घ्या, किंवा भिंतीवर आधी लाकडी फळी चार-सहा ठिकाणी पक्की करा आणि हूक फळीला लावा, म्हणजे भार पसरतो.

सगळ्यात कमी जागा खाणारी पद्धत म्हणजे पुढचं चाक हूकला अडकवून सायकल उभी टांगणं. अनेकांना वाटतं रिम वाकेल. वाकत नाही, तुम्ही बसून खड्ड्यातून जाता तेव्हा त्याहून कितीतरी जास्त भार ती सोसते. हूकला रबर हवं एवढंच. मागच्या चाकाखाली भिंतीला फरशीचा तुकडा लावा, नाहीतर टायरचे काळे डाग पडतात.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर सायकल पुढचं चाक वर ठेवूनच टांगा. ब्रेकच्या तेलात थोडा हवेचा बुडबुडा असला तर तो वरच्या बाजूला जातो. पुढचं चाक वर असलं की लिव्हर वरच्या अंगाला राहतात, बुडबुडा लिव्हरजवळच्या तेलाच्या डबीत थांबतो. उलट टांगली तर तो कॅलिपरकडे, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या पकडीकडे जातो आणि सायकल खाली घेतल्यावर ब्रेक स्पंजसारखा दबतो. खाली घेतली की निघण्याआधी दोन्ही लिव्हर काही वेळा दाबून बघायची सवय लावा.

सायकल महिनोन्महिने वापरणार नसाल तर टायर पूर्ण मोकळं सोडून जमिनीवर उभी करू नका. रिमच्या भाराने टायरची बाजू एकाच घडीवर चिरते.

पारसनाथ_पार्सल

रेल्वेचं मी सांगतो. पार्सल ऑफिसात रोजचं येणंजाणं आहे.

दोन प्रकार आहेत, गोंधळ करू नका. तुमच्याकडे त्याच गाडीचं तिकीट असेल तर सायकल लगेज म्हणून बुक होते आणि तुमच्याच गाडीला गार्डशेजारच्या लगेजच्या डब्यातून येते. तिकीट नसेल तर ती पार्सल, मग ती जागा मिळेल त्या गाडीने जाते. स्वतः जाणार असाल तर लगेजच करा. स्लीपरला ४० किलो, थर्ड एसीला ४०, सेकंड एसीला ५० किलो सामान फुकट नेता येतं हे खरं आहे, पण ती सवलत सायकलला लागू होत नाही. सायकलचे पैसे वेगळे भरावे लागतात. "माझं तर एवढंच सामान आहे" असा वाद काउंटरवर घालून उपयोग नसतो.

सोलापूरकरांचं भाग्य असं की मुंबईची सिद्धेश्वर आणि पुण्याची हुतात्मा या गाड्या इथूनच सुटतात. गाडी फलाटावर आधी लागते, सायकल शांतपणे चढवता येते. कुर्डुवाडी किंवा दौंडला मधे चढवायची तर गाडी दोन-पाच मिनिटं थांबणार, हमाल घाईत कशीही फेकणार. वंदे भारतने जायचं असेल तर विसरा, तिला लगेजचा डबाच नाही.

गाडीच्या निदान तासभर आधी पार्सल ऑफिसात पोचा. सायकलवर दोन ठिकाणी पुठ्ठा बांधा: नाव, पीएनआर, कुठून कुठे, जाड मार्करने. शाई पावसात उतरते, वरून चिकटपट्टी मारा. लगेजच्या डब्यात सायकलवर माशांच्या पेट्यांपासून मोटारसायकलीपर्यंत काहीही टेकतं, म्हणून पॅकिंगमध्ये कंजुषी नको. डिरेलरच्या बाजूला पुठ्ठा, फ्रेमला गोणपाट किंवा जुनी सोलापुरी चादर. आपली चादर त्या कामाला फोमपेक्षा सरस, जाड आहे आणि सुतळीखाली सरकत नाही. हँडल सैल करून फ्रेमला समांतर फिरवा, पॅडल काढा.

पॅडल काढताना डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. उजवं नेहमीसारखं, डावं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. १५ चा पाना लागतो. लोक डावं पॅडल उलट्या बाजूला जोर लावून क्रँकचे, म्हणजे पॅडल बसतं त्या दांड्याचे, आटेच मारून ठेवतात.

फोल्डिंग सायकलवाले विचारतात की डब्यात नेऊ का. प्रवाशाने सोबत न्यायच्या पेटीचं माप १०० बाय ६० बाय २५ सेंमी आहे. १६ इंची चाकाच्या चांगल्या फोल्डिंगची घडी ५८ बाय ५६ बाय २७ च्या आसपास होते. पिशवीत घालून सीटखाली सरकवली तर बहुधा कुणी हरकत घेत नाही, २० इंची मात्र सीटखाली जात नाही.

कुर्डुवाडीकर

एसटीचं: टपावर कॅरियर असलेली गाडी आली तर सायकल वर जाते, लगेजचं तिकीट कंडक्टरकडे काढायचं. पण टपाला शिडी असलेल्या गाड्या कमी झाल्यात, नव्या बहुतेक गाड्यांना वर काही बांधता येत नाही. आधी डेपोत विचारा. दोर आपला न्या, आणि सायकल आडवी घालताना डिरेलरची बाजू वर.

खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीत दोन्ही चाकं काढून सायकल आरामात मावते. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी अडकवा. चाक नसताना चुकून लिव्हर दाबली गेली तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि स्क्रू ड्रायव्हरने उचकटत बसावं लागतं.

बार्शीरोड

कारच्या रॅकबद्दल. आम्ही मित्र नान्नजपर्यंत सायकलनेच जातो, पण पावसाळ्यात घाट चढायला लांब जायचं तर कारला रॅक लागतो.

पट्ट्यांनी डिकीला बांधायचा रॅक सगळ्यात स्वस्त. त्याच्या वरच्या पट्ट्यांचे हूक डिकीच्या पत्र्याच्या कडेत अडकले पाहिजेत, काचेच्या किंवा प्लॅस्टिक स्पॉयलरच्या कडेत नाही. हॅचबॅक असेल तर घ्यायच्या आधी दुकानात नेऊन लावून बघाच. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्ट्या पुन्हा आवळा, पहिल्या धक्क्यांत त्या बसतात आणि सैल पडतात. सायकलींची मोकळी चाकं आणि हँडल एकमेकांना बांधून टाका. नंबर प्लेट आणि मागचे दिवे दिसले पाहिजेत, हे या रॅकचं सगळ्यात मोठं दुखणं. चाकाने प्लेट झाकली तर पोलीस अडवणारच, आणि त्यांचं बरोबर आहे. मागच्याला तुमचा ब्रेक लाइट दिसला नाही तर काय होईल, पुण्याच्या हायवेला रात्री ट्रकांमध्ये?

लेडीज सायकलला किंवा पोरांच्या सायकलला वरची आडवी दांडी नसते, ती या रॅकवर बसत नाही. त्यासाठी सीटच्या दांड्यापासून हँडलपर्यंत लावायची सुटी दांडी मिळते. आणि कार्बन फ्रेम असल्या क्लँपमध्ये अजिबात आवळू नका, नळी चिरडते आणि बाहेरून दिसत नाही.

छतावरच्या रॅकला आधी दोन आडव्या दांड्या लागतात. बऱ्याच गाड्यांच्या छतावरच्या रूफ रेल नुसत्या शोभेच्या असतात, भार घ्यायला नसतात. गाडीच्या पुस्तकात छतावर किती किलो चालतं ते लिहिलेलं असतं, तेच धरा. आणि डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवा की वर सायकल आहे. हॉटेलच्या कमानीखाली आणि तळघरातल्या पार्किंगला हे हमखास विसरतं.

हिशेबनीस

कुलूप कुठलं घ्यायचं तेही सांगा कुणीतरी. पोरांकडे सगळ्यांकडे नंबरचं बारीक वायरचं आहे.

अशोकचौक

ती वायर माझ्या दुकानातला पोऱ्या साध्या पकडीने तोडतो. जाड साखळी घ्या किंवा डी लॉक, म्हणजे इंग्रजी डी आकाराचं जाड सळईचं कुलूप. डी लॉक पाइप, फ्रेम आणि मागचं चाक या तिघांतून गेलं पाहिजे. मागचंच चाक, कारण फ्रीव्हील आणि गिअरमुळे महागाचं तेच. स्टँडचा पाइप मी सांगितला त्याहून जाड घेतला तर छोटं डी लॉक बसत नाही, म्हणूनही ४० एनबी बरा.

कंबरतलाव

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्वभाग यांचा प्रतिसाद कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवला. स्टँडवर कामाला येणाऱ्यांच्या सायकली लागतील असा ठराव झाला, फलक रंगवायला दिलाय. खाचेचा रॅक बाद. यू स्टँड, मधल्या दांडीसह, पश्चिमेच्या भिंतीला.

एक अडचण उरली. त्या जागेवर अर्ध्या भागात पेव्हर ब्लॉक आहेत आणि अर्ध्या भागात शहाबादी फरशी. खाली प्लेट लावून फास्टनरने बसवलं तर खोदकाम वाचेल असं एक जण म्हणतोय. चालेल का?

अशोकचौक

नाही. पेव्हरखाली नुसती वाळू असते, फास्टनर धरणार कशाला? दोघांनी सायकल ओढली की ब्लॉकसकट स्टँड वर येईल. शहाबादी फरशीत ठोकलात तर फरशी फुटेल. प्लेट फक्त चांगल्या जाड काँक्रीटच्या कोब्यावर चालते.

दोन्हीकडे ब्लॉक आणि फरशी काढून प्रत्येक पायाला फूटभर रुंद आणि सव्वा ते दीड फूट खोल खड्डा घ्या. गाडायच्या टोकाला एक सळईचा तुकडा आडवा वेल्ड करा, म्हणजे पाइप काँक्रीटमध्ये फिरणार नाही आणि उपसणार नाही. वर काँक्रीट फरशीच्या बरोबरीला ठेवू नका. पाइपाभोवती दोन बोटं उंच करून बाहेरच्या बाजूला उतार द्या. पाइप नेहमी जमिनीलगत गंजतो, पाणी तिथं साचलं नाही तर वर्षानुवर्षं काही होत नाही.

खणायच्या आधी पाण्याची लाइन कुठून गेलीय ते प्लंबरला विचारा. खडूने आखून प्रत्येक प्रकारची एकेक सायकल तिथं उभी करून बघा, पाइप त्यानंतरच कापू. ओतल्यावर स्टँडला टेकू देऊन सरळ बांधून ठेवा आणि आठवडाभर पाणी मारा. सध्याच्या उन्हात दिवसातून एकदा मारून भागणार नाही, ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा. तोवर कुणालाही सायकल बांधू देऊ नका.